मदत हवी आहे: आईचं हिमोग्लोबिन वाढवायला ताटात काय वाढू?

नमस्कार मंडळी. आईचं हिमोग्लोबिन 9 वर आलंय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्या बंद करणार नाही. पण जोडीला जेवणात काय देऊ? आम्ही सोलापूरचे, मंगळवेढ्याची ज्वारी आणि शेंगाचटणी रोजचीच. दातांमुळे कडक भाकरी आता आमटीत कुस्करून, चांगली भिजल्यावरच खाते. पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून मेथीवर, मटकीवर लिंबू पिळते. पण जेवणावर लगेच चहा लागतोच तिला, आणि त्याने लोह कमी शोषलं जातं. तो तासभर पुढे कसा ढकलू? अळीव, बाजरी आपल्या उन्हाळ्यात सोसेल का? कुणी घरी दिलं असेल तर प्रमाणासकट सांगा, प्लीज.