मदत हवी आहे: पिकअपला पिकअपच नाही, बूस्ट निम्म्यावर आलाय

मंडळी, शीर्षकातला विनोद गॅरेजवाल्याचा आहे. तो हसला, मला काही हसू आलं नाही.

गाडी जुनी डिझेल पिकअप. चार सिलिंडर, वेस्टगेटवाला टर्बो (म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप असलेला), टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा इंटरकूलर आणि मेकॅनिकल डिझेल पंप. सेन्सर नाहीत, त्यामुळे स्कॅनर लावून काही कळायचा प्रश्नच नाही. २,६०,००० किलोमीटर झालेत. दोन वर्षांपूर्वी हौसेने इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटणाऱ्या भागाच्या) नळीला टी टाकून बूस्टचं, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेच्या दाबाचं, गेज बसवलं होतं. तेव्हा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की काटा १४ पीएसआयला टेकायचा. आता ७ च्या पुढे सरकत नाही. माल भरला की जो चढ तिसऱ्यात निघायचा, तिथे दुसऱ्यात टाकूनही धापा टाकते.

एका दिवसात झालेलं नाही हे. हळूहळू गेलं, म्हणून बरेच दिवस मी डिझेललाच शिव्या देत होतो.

आतापर्यंत एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर दोन्ही नवे टाकलेत. टर्बोच्या तोंडावरचा पाईप काढून शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. वरखाली किंचित हलतो, पुढेमागे अजिबात नाही. पंख्याची पाती शाबूत आहेत, बॉडीला घासल्याची खूण नाही. पाईपमध्ये ऑइलचा ओलावा आहे, पण साचलेलं नाही.

मला कोडं पडलंय ते धुराचं. हवा कमी पडली तर डिझेल गाडीने काळा धूर ओकायला हवा ना? ही ओकत नाही. पूर्ण रेसवर आरशात बघितलं तर मागे जवळजवळ स्वच्छ.

गॅरेजवाला म्हणतो टर्बो बदला. त्याने अजून बोनेट उघडलेलं नाही, एवढं सांगतो. टर्बोला हात घालण्याआधी काय काय तपासू?

प्रतिसाद १

टर्बो राहू द्या. त्याचं बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं, त्यामुळे इंजिन बंद असताना शाफ्ट थोडा वरखाली हलणारच. पुढेमागे हलला किंवा पंखा घासला तर काळजी. बहुतेक ॲक्च्युएटरची (वेस्टगेटची झडप रॉडने हलवणाऱ्या भागाची) नळी फाटली असेल, ती बघा.

प्रतिसाद २

पहिलं बरोबर, शेवटचं उलटं. साध्या वेस्टगेटला बूस्टचाच दाब उघडतो. नळी फाटली तर दाब ॲक्च्युएटरपर्यंत पोचणार नाही, झडप मिटलेली राहील आणि बूस्ट वाढेल. कमी बूस्टसाठी बघायचं ते झडप उघडी अडकली आहे का, किंवा ॲक्च्युएटरची स्प्रिंग मेली आहे का. गेजवाल्या हातपंपाने त्याच्या नळीत दाब द्या आणि रॉडवर नजर ठेवा. ४-५ पीएसआयलाच रॉड सरकायला लागला तर चोर सापडला.

त्याआधी साबणाच्या पाण्याची टेस्ट करा, इंजिन बंद ठेवून. फिल्टरकडून येणारा पाईप काढून थेट टर्बोच्या तोंडावर बूच बसवा, बुचातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. १०-१२ पीएसआय बास. बुचासमोर उभे राहू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं. मग इंटरकूलरचे सगळे सांधे साबणाच्या पाण्याने भिजवा. ऑइलच्या झाकणाशी थोडी फुसफुस ऐकू येईल, ती रिंगांमधून जाणारी हवा असते, तिच्यामागे लागू नका. नुसतं बघून रबराची चीर दिसत नाही. दाबाखाली होज फुगतो तेव्हाच ती तोंड उघडते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या गॅस्केटभोवती काजळी आहे का तेही पाहा. एक्झॉस्ट तिथूनच निसटला तर टर्बाइन फिरवायला उरणार काय?

प्रतिसाद ३

धुराबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी खूण तीच आहे. बूस्ट कमी आणि धूर काळा असेल तर हवा कमी. बूस्ट कमी आणि धूरही नाही, तर डिझेल कमी. टर्बो एक्झॉस्टवर फिरतो. जळायलाच कमी मिळालं तर नवाकोरा टर्बोही काटा वर नेणार नाही.

तुमच्या पंपाच्या डोक्यावर चपटी डबी आहे का? तिला इनटेक मॅनिफोल्डकडून बारीक नळी येते. आत डायफ्रॅम असतो. बूस्ट आला की तो दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. ती नळी फाटली किंवा डायफ्रॅम गेला तर पंपाला वाटतं की टर्बो चालतच नाही, मग तो हात आखडता घेतो. याच डबीमुळे इंटरकूलरची गळतीही लपते. हवा कमी झाली की डिझेलही कमी होतं, म्हणजे धूर नाही.

नळी काढून डबीत हातपंपाने १० पीएसआय द्या. दाब टिकला तर डायफ्रॅम ठीक.

धागाकर्ता, चार दिवसांनी

डबी आहे! इतकी वर्षं मी तिला पंपाचं झाकण समजत होतो.

आधी साबणाची टेस्ट केली. १० पीएसआयला इंटरकूलरच्या खालच्या रबरी एल्बोला, अगदी क्लॅम्पच्या कडेला, फेसाची माळ उगवली. हाताने दाबून पाहिलं होतं तेव्हा काही जाणवलं नव्हतं. क्लॅम्प सोडला तर खाली बोटभर चीर. एल्बो बदलला, त्याच चढावर काटा ९ ला गेला. आनंद अर्धाच.

ॲक्च्युएटरचा रॉड ११ पीएसआयला सरकू लागला, म्हणजे तो निर्दोष. गॅस्केटभोवती काजळी नाही.

मग डबीची नळी. वरून ठणठणीत, पण डबीकडच्या टोकाला रबर ऑइल पिऊन चिकट, फुगलेलं. निपलवरून ओढताना टोकाचा तुकडा हातातच आला. चीर निपलच्या मागच्या बाजूला होती, वरून कितीही बघितलं तरी दिसली नसती. डायफ्रॅमने दाब धरला. नळीचं टोक कापून पुन्हा बसवलं आणि संध्याकाळी भरलेली गाडी घेऊन गेलो. १३, तिसऱ्यात! रेस देताना क्षणभर काळा फुसकाराही टाकते आता. तो बघून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

दोन प्रश्न. कापलेली नळी आता ताणलेली आहे, तिच्या जागी व्हॅक्यूमची मऊ नळी चालेल का? आणि उरलेल्या एका पीएसआयसाठी पंपाचा डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवू का?

प्रतिसाद ३

मऊ नळी नको, वळणावर दबते. आत धाग्याची जाळी असलेली, ऑइल सोसणारी प्रेशरची नळी घ्या आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. स्क्रूला हात लावू नका, त्याने बूस्टआधी एक्झॉस्टचं तापमान वाढेल. एक पीएसआय हवेच्या गरमीनेही इकडचा तिकडे होतो. नवी नळी टाकल्यावर त्याच चढावर, तेवढाच माल भरून पुन्हा काटा बघा आणि इथे आकडा टाका.