मदत हवी आहे: भूप रागातल्या उपासनागीताला डावा हात काय द्यावा?
ठाण्यात सहा-सात महिने पियानो शिकलेल्या मुलांना उपासनागीतांवर स्वतःची भर घालायला शिकवायचं आहे. सी मेजरमधल्या पाश्चात्त्य चालींवर जमतं: डाव्या हाताला सी, एफ, जी कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-तीन स्वर), उजव्या हाताने जोर नसलेल्या मात्रेवर एकच जादा स्वर. (दोन घातले की डावा हात थांबतो, लय सुटते.)

अडतं ते भूपातल्या मराठी चालींवर. सी हा सा धरला तर एफ कॉर्डमध्ये मध्यम (म) येतो, जीमध्ये निषाद (नी). दोन्ही भूपात वर्ज्य, म्हणजे न घ्यायचे स्वर; चालीचा गोडवाच जातो. ए मायनर चालतो, कारण ध-सा-ग तिन्ही भूपातलेच. पण चारही कडव्यांना सा-प आणि ए मायनर एवढंच फार सपाट वाटतं. जीमधला निषाद गाळून नुसतं प-रे वाजवावं का? आणि मग शेवटची ओळ सा वर ठामपणे कशी टेकवावी? नवशिक्या बोटांना झेपेल असं सुचवा.