उत्तर: चांगला फेकतो, मग खेळवा की!

"मैदानाबाहेर काय केलं ते सोडा, चांगला फेकतो ना, मग खेळवा" हे अमेरिकन फुटबॉलच्या क्वार्टरबॅकबद्दलचं (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) मत काही पटलं नाही. ओरेगन विद्यापीठाच्या संघाचं २०१० आठवा. जेरेमाया मसोलीने संघाला रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत नेलेलं, म्हणजे क्वार्टरबॅकची जागा त्याचीच. पण चोरीच्या प्रकरणात (लॅपटॉप!) त्याने गुन्हा कबूल केला आणि प्रशिक्षक चिप केलींनी मार्चमध्येच त्याला अख्ख्या मोसमासाठी बाहेर बसवलं. यातलं 'मार्चमध्येच' महत्त्वाचं, कारण नवा क्वार्टरबॅक तयार करायला वेळ मिळाला. सरावात पहिल्या फळीसोबतचे स्नॅप (म्हणजे खेळायला मिळणारे डाव) मोजकेच असतात. ते त्या जागेचे दावेदार नेट कोस्टा आणि डॅरन थॉमस यांच्यात वाटले गेले. चुरस ऑगस्टपर्यंत रंगली, थॉमसने बाजी मारली आणि संघ सलग १२ सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या लढतीत. मसोलीकडे मधल्या काळात गांजा सापडला, तेव्हा केलींनी त्याला थेट काढूनच टाकलं.

गंमत पुढेच आहे. त्या लढतीत ओरेगनला २२-१९ने हरवणाऱ्या ऑबर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कोण, तर कॅम न्यूटन. फ्लोरिडा विद्यापीठात असताना २००८ मध्ये त्यालाही चोरीच्या लॅपटॉपवरूनच अटक झालेली! आरोप नंतर मागे घेतले गेले, पण मधलं वर्ष त्याला टेक्सासच्या एका ज्युनियर कॉलेजात (दोन वर्षांचं छोटं कॉलेज) काढावं लागलं.