हिप हॉपच्या सँपलमधून जुना फंक, सोल, जॅझ : खरी ओळख की नुसते तुकडे?

तबकडीवाला

जॅझ मनापासून ऐकणाऱ्या मंडळींकडून एक तक्रार नेहमी कानावर येते : ही हिप हॉपवाली मुलं जॅझ पियानोवादक अहमद जमाल ऐकत नाहीत, नास या रॅपरच्या गाण्यात घेतलेला त्यांचा तुकडा कुठे येतो तेवढं शोधतात. मला ही तक्रार अन्यायाची वाटते. सँपलमुळे, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरण्यामुळे, त्या रेकॉर्डमधला साथीदार आपल्याला ऐकू यायला लागला, असं माझं ठाम मत आहे. गायकाचं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरांत होतंच. ड्रमवर कोण आहे, बास कोणाचा आहे, हा प्रश्न माझ्यासारख्या साध्या श्रोत्याला हिप हॉपमुळे पडू लागला.

मुळात ही कलाच त्या ओढीतून जन्मली. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १५२०, सेज्विक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावल्या. गाणं थांबून फक्त ड्रम, बास, काँगा उरले की नाचणाऱ्यांना खरा चेव येतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच भाग लांबवू लागला. बाकीच्यांना जी मोकळी जागा वाटत होती, तिथेच याला संगीत दिसलं.

ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड घ्या. फंक गायक जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं आणि १९७० मध्ये बाजारात आलं. त्यात एका जागी सगळे थांबतात आणि स्टबलफील्ड एकटा वाजवतो. नीट ऐका : स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मध्ये तो इतके हलके ठोके टाकतो की ते ऐकू येण्याआधी अंगाला जाणवतात. पब्लिक एनिमी या हिप हॉप गटापासून पुढे किती जणांनी हा तुकडा घेतला याची मोजदाद अवघड आहे. गाणं आलं तेव्हा ब्राउनच्या मोठ्या गाण्यांत ते गणलं गेलं नव्हतं. आज जगभर ड्रम शिकणारी मुलं ते वाजवून बघतात. ही ओळख सँपलने करून दिली की नाही?

आणि पीट रॉक व सी. एल. स्मूथ या हिप हॉप जोडीचं १९९२ चं 'दे रेमिनिस ओव्हर यू'. ट्रॉय डिक्सन या वारलेल्या मित्राच्या आठवणीत केलेलं गाणं. त्यातला सॅक्सोफोन टॉम स्कॉटच्या १९६७ च्या रेकॉर्डवरचा आहे, आणि स्कॉट तिथे वाजवतोय ते जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचं गाणं. रॉकमधून जॅझमध्ये, जॅझमधून हिप हॉपमध्ये. एका सुरावटीच्या मागे लागलं की तीन घरं पालथी घालावी लागतात. मला यात कमीपणा कुठेच दिसत नाही.

सम_आणि_खाली

तबकडीवाला, असहमत. पूर्ण असहमत.

तुम्ही अहमद जमालांचं नाव घेतलंत म्हणून त्यांच्यावरच बोलू. 'आय लव्ह म्युझिक' १९७० चं, 'द अवेकनिंग' या अल्बममधलं. सुरुवातीला बराच वेळ जमाल पियानोवर एकटेच आहेत. ठेका नाही, घाई नाही, एक विचार मांडतात, अर्ध्यावर सोडतात, दुसरीकडून त्याच्याकडे परत येतात. जमील नासरचा बास आणि फ्रँक गँटचे ड्रम नंतर येतात. पीट रॉकने नाससाठी घेतलेला तुकडा येतो निम्मं वादन उलटून गेल्यावर. तो तुकडा इतका गोड का लागतो? कारण त्याच्या आधी जमालांनी तुम्हाला इतका वेळ थांबवलेलं असतं. सँपल शोधत आलेला माणूस बोटाने प्लेअरची पट्टी पुढे सरकवतो, तुकडा सापडला की "अरे हेच ते!" म्हणतो आणि निघून जातो. त्याने जमाल ऐकले असं मी म्हणणार नाही.

आणि ओळख करून देण्याबद्दल म्हणाल, तर तुमचा कूल हर्क स्वतःच्या रेकॉर्डची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, दुसऱ्या डीजेंना नाव कळू नये म्हणून. ज्या परंपरेची सुरुवात नाव खरवडण्यापासून झाली, तिने नावं उजेडात आणली असं कसं मानायचं?

ढोलकी_ते_ड्रम

सम, तुमचा जमालांवरचा परिच्छेद फार आवडला, पण निष्कर्ष पटला नाही.

मी तालवाद्य वाजवतो, म्हणून आपल्याकडचंच उदाहरण देतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा चालू असतो. तीच एक ओळ, तासभर. कुणी म्हणत नाही की लेहरा ऐकणारा संगीत ऐकत नाही. ती ओळ फिरत राहते म्हणून वरचं सगळं कळतं, आणि काही वेळाने त्या ओळीतलाही एकेक स्वर वेगळा दिसायला लागतो. लूपचं, म्हणजे फिरत राहणाऱ्या सँपलच्या तुकड्याचं, तेच आहे. बॉब जेम्सच्या १९७४ च्या 'नॉटिलस'मध्ये ड्रमवर इद्रिस मुहम्मद आहेत. मूळ गाणं मी आधी ऐकलं असतं तर कीबोर्डच्या त्या पाण्याखालच्या आवाजात गुंगलो असतो. सँपलमधून त्याचे दोन-चार मात्रांचे तुकडे इतके कानांवर आले होते की मूळ ऐकताना इद्रिसचा हात पहिल्यापासून ओळखीचा वाटला. हा तुकडा अल्बमच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी आहे. एरवी किती जण तिथपर्यंत पोचले असते?

बीटवाली

मी बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवते, म्हणून तंत्राची एक गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये सँपल घेण्याच्या ज्या यंत्रावर हिप हॉपची बरीच गाणी झाली त्या एसपी-१२०० मध्ये सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंद मावायचे. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर पळवून आत घ्यायचे, आणि यंत्रात वेग पुन्हा खाली आणायचे. जागा वाचायची, आणि आवाजाला तो खरखरीत, जाड पोत यायचा. नव्वदच्या हिप हॉपमधले ड्रम असे का लागतात, त्याचं मोठं कारण हे.

त्यामुळे मूळ रेकॉर्ड ऐकल्यावर कुणी नुसतं "हेच ते" म्हणून थांबत नाही, कारण ते "हेच" नसतंच. रॉनी फॉस्टरचं १९७२ चं 'मिस्टिक ब्रू' मी ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप हॉप गटाच्या 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन'नंतर ऐकलं. हिप हॉपमध्ये ती सुरावट तीन-तीन बारमध्ये फिरते. मूळ गाणं तिथे थांबत नाही, पुढे जातं, फॉस्टरचा ऑर्गन फुलत जातो आणि आपण दर वेळी मागे वळायची वाट बघत राहतो. त्या चुकामुकीतच मला फॉस्टर कळला. सम, तुम्ही म्हणता ते पट्टी सरकवणारे श्रोते आहेत, नाही असं नाही. पण ते सगळ्याच संगीतात असतात. भैरवीला येऊन बसणारे आपल्या मैफिलीतही कमी नाहीत.

कायद्याचं_बोला

कानावर एवढी चर्चा झाली, पैशाचं कुणीच बोललं नाही.

ग्रेगरी कोलमन. द विन्स्टन्स या बँडचा ड्रमर. १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मध्ये, म्हणजे 'कलर हिम फादर' या गाजलेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, त्याने जेमतेम सात सेकंद एकट्याने वाजवलं. त्या सात सेकंदांवर हिप हॉपमधली अगणित गाणी झाली, इंग्लंडात जंगल आणि ड्रम अँड बेस ही संगीताची अख्खी शाखा उभी राहिली. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत वारला. त्याला यातलं काही मिळालं नाही. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड दिले. वर्गणी, मानधन नव्हे.

हे असं का होतं? रेकॉर्डवर दोन वेगळे हक्क असतात : एक रचनेचा, एक ध्वनिमुद्रणाचा. रचना गीतकार-संगीतकाराच्या नावावर, मुद्रण बहुतेक वेळा कंपनीच्या ताब्यात. ड्रमरने तिथल्या तिथे जे सुचून वाजवलं ते दोन्हींत बसत नाही. स्टबलफील्डचंही तेच झालं.

आणि रचना नावावर असली तरी खात्री नाही. जेम्स न्यूटन हा जॅझ बासरीवादक बासरी फुंकता फुंकता गातो. त्याच्या 'क्वायर'मधले सहा सेकंद बीस्टी बॉइज या रॅप गटाने 'पास द माइक'मध्ये घेतले. मुद्रणाच्या परवान्यासाठी ईसीएम कंपनीला १००० डॉलर दिले, रचनेसाठी न्यूटनला विचारलं नाही. २००३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की कागदावर पाहिलं तर हे तीनच स्वर आहेत, एवढ्याला रचना चोरणं म्हणता येणार नाही. न्यूटन जे करत होता ते कागदावर उतरतच नव्हतं, आणि जिथे उतरलं होतं त्या मुद्रणाचा परवाना कंपनीने आधीच दिला होता.

तबकडीवाला, साथीदार ऐकू आला म्हणता. बरोबर आहे. पण ऐकू येऊन त्याच्या ताटात काय पडलं?

मडगावकर

कायद्याचं बोलांशी सहमत, आणि यातला एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' अमेरिकेत तुफान चाललं. त्यात डीजे क्विकने लताबाईंचा आवाज घेतला होता : १९८१ च्या 'ज्योती'मधलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. परवानगी नाही, नाव नाही. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने हुकूम काढला की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करायची नाही. संगीतकाराचं नाव यायला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या गाण्यात वाद्यं कोणी वाजवली, हे तर त्या खटल्यात कुणी विचारलंही नसेल.

आम्हा गोंयकारांना हे जिव्हारी लागतं. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्या पिढीने मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांत जॅझ आणलं, वाद्यमेळ लिहिले, आणि पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली. आज कुणी त्या गाण्यांचं सँपल घेतलं तर श्रेय पुन्हा वरच्याच दोन-तीन नावांना जाणार. हिप हॉपने साथीदाराला उजेडात आणलं हे तबकडीवाल्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आवाज उजेडात आला, नाव नाही.

तबकडीवाला

मडगावकर, कायद्याचं बोला, पैशाच्या बाबतीत तुमच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधूही नये. कोलमनचं जे झालं ते वाईट झालं.

नावाच्या बाबतीत मात्र एक सांगतो. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनचं गाणं न विचारता वापरलं म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली. त्यानंतर कंपन्यांनी प्रत्येक सँपलची परवानगी घ्यायला सुरुवात केली आणि सीडीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत ती यादी छापली जाऊ लागली. आमच्या पिढीने जुनं संगीत शोधलं ते त्या याद्या वाचून. लेबलं भिजवण्यापासून याद्या छापण्यापर्यंतचा हा प्रवास कायद्याने घडवला, मान्य. पण यादी वाचून दुकानात जाऊन जॅझ ट्रम्पेटवादक डोनल्ड बर्ड मागणारा मुलगा कायद्याने तयार केला नव्हता. १९९३ मध्ये गुरू नावाच्या रॅपरने 'जॅझमॅटॅझ' हा अल्बम केला तेव्हा बर्ड, रॉय एअर्स, लॉनी लिस्टन स्मिथ स्वतः स्टुडिओत येऊन वाजवून गेले. त्याआधी १९९१ मध्ये रॉन कार्टर, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या साठच्या दशकातल्या पंचकाचा बासवादक, ट्राइबच्या अल्बमवर वाजवून गेला होता. तुकड्यांपुरतंच काम असतं तर या माणसांना बोलावलंच नसतं.

सम_आणि_खाली

हे दोन्ही अल्बम मला आवडतात, आणि आवडतात ते याच कारणाने की तिथे माणूस समोर बसून वाजवतोय. तबकडीवाला, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. कार्टर रॅपच्या शब्दांना ऐकून उत्तर देऊ शकतो. सँपलमधला कापलेला कार्टर देऊ शकत नाही.

जेम्स एमटुमे हा माइल्सकडे काँगा वाजवलेला माणूस. ऐंशीच्या दशकात त्याने न्यूयॉर्कच्या रेडिओवर सँपल करणाऱ्यांवर कडक टीका केली होती. तो संगीतकार होता, स्वतः फंक रेकॉर्ड करत होता, त्याला म्हातारा रसिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्याचं दुखणं मला पूर्ण कळतं.

तबकडीवाला

आणि त्या टीकेला स्टेटसासॉनिक या हिप हॉप गटाने १९८८ मध्ये 'टॉकिन ऑल दॅट जॅझ' या गाण्यातून उत्तर दिलं. म्हणणं असं की जेम्स ब्राउन जुना होऊन विस्मरणात चालला होता, एरिक बी आणि रकीम या हिप हॉप जोडीने त्याला परत आणलं. ते उत्तर त्यांनी कशावर उभं केलं? लॉनी लिस्टन स्मिथच्या 'एक्स्पान्शन्स'च्या बासवर. पुढे १९९४ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचं 'ज्यूसी' आलं ते खुद्द एमटुमेच्या १९८३ च्या 'ज्यूसी फ्रूट'वर. माइल्सचे सत्तरच्या दशकातले ते अवघड, दाट अल्बम मी काढून ऐकले ते एमटुमेचं नाव 'ज्यूसी'च्या यादीत वाचून. तिथे तुकडा शोधायला जागाच नाही, सम. पूर्ण बाजू ऐकावी लागते, आणि मी ऐकली.

सम_आणि_खाली

मग तुम्ही तरी पट्टी सरकवणाऱ्यांतले नाही, एवढं मान्य करतो. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच आहे.

बीटवाली, 'मिस्टिक ब्रू' विजय अय्यरच्या पियानो त्रयीनेही २००९ च्या 'हिस्टॉरिसिटी'वर वाजवलंय. ऐकून सांगा, त्यात तुम्हाला फॉस्टर जास्त ऐकू येतो की ट्राइब.

बीटवाली

ऐकलंय. पहिल्या मिनिटाला ट्राइब, नंतर दोघंही नाहीत. आज रात्री पुन्हा ऐकते आणि ड्रमच्या बाजूने लिहिते, ढोलकी_ते_ड्रम यांनीही लिहावं.