मदत हवी आहे: टॉकीजमधला पिक्चर घरच्या ४के टीव्हीवर सिरियलसारखा काऊन दिसतो?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. गाव घाटंजी तालुक्यात. बैठकीत ४३ इंची ४के एलईडी टीव्ही भिंतीला टांगलेला आहे. दिवाण समोरच्या भिंतीला, म्हणजे टीव्हीपासून ११ फुटांवर. वर टिन, दोन खिडक्या, दरवाजा ओसरीत उघडतो. टीव्हीला तीन वाटांनी पिक्चर येतो: साधी डिश (एचडी नाही), ३० एमबीपीएसचं फायबर नेट आणि पेन ड्राइव्ह.

यवतमाळला टॉकीजमध्ये पाहिलेला पिक्चर नेटवर आला म्हणून लावला, तर तो तोच वाटत नाही.

१. माणसं चालतात ती तेलावरून घसरल्यासारखी. सगळं मालिकेसारखं गुळगुळीत.
२. रात्रीचे सीन काळे नाही, राखाडी. धूर किंवा पाऊस आला की चौकोन चौकोन.
३. चेहरे निळसर-पांढरे.
४. वर-खाली काळ्या पट्ट्या. झूम केलं की पट्ट्या जातात, पण कडेचा माणूसही जातो.

५५ इंची घ्यावा, की प्रोजेक्टर? की सेटिंगनं भागेल?

लांबचा_शॉट

भाऊ, सध्या काहीच विकत घेऊ नका. ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) हिशोबात तुमचा टीव्ही बहुतेक टॉकीजांच्या पुढेच आहे. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचं जे मानक पक्कं केलं, त्या डीसीआयमध्ये २के म्हणजे २०४८ × १०८० ठिपके. २.३९:१ (रुंदी:उंची) च्या रुंद पिक्चरला त्यातले २०४८ × ८५८ वापरतात, म्हणजे साडेसतरा लाख. तुमच्या टीव्हीवर पट्ट्या सोडूनही त्याच पिक्चरला ३८४० × १६०७ जागा मिळते, साठ लाखांच्या वर. उजेडाचंही तसंच. टॉकीजच्या पडद्यावरचा पांढऱ्यातला पांढरा ४८ निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) असावा असं मानक आहे, आणि साधा एलईडी टीव्ही अडीचशे-तीनशे निट्स देतो. म्हणजे मार खातोय तो आकड्यात नाही, वापरात.

पहिली तक्रार एका बटणाची आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा. टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनानं नवीन फ्रेम बनवून घालतो, म्हणून हालचाल मालिकेसारखी दिसते, कारण आपल्याकडच्या मालिका ५० फील्डच्या (सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम) प्रसारणासाठी बनतात आणि डोळ्याला ती चाल ओळखीची झाली आहे. हे फीचर सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, आणि बाकी कंपन्यांत एमईएमसी या नावानं सापडेल. पूर्ण बंद करा, 'लो' वर ठेवू नका. बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरतो तिथे थोडे झटके दिसतील. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणाऱ्या) पडद्यावर २४ फ्रेम समान वाटता येत नाहीत. एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते. टीव्हीत किंवा त्याला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकमध्ये 'मॅच फ्रेम रेट' असेल तर ते चालू करा, बराच फरक पडतो.

मग पिक्चर मोड. दुकानात 'व्हिविड' लावून ठेवतात कारण तिथे ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असतो. घरी 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' घ्या. तुमची तिसरी तक्रार यातच मिटते: रंगाचं तापमान 'वॉर्म' होतं, पांढरा ६५०० केल्विनच्या जवळ येतो. पहिले दोन दिवस सगळं पिवळं वाटेल. बदलू नका, डोळा जुळवून घेतो.

त्यानंतर हे, याच क्रमानं:

– शार्पनेस: बहुतेक कंपन्यांत ० किंवा त्याच्या आसपास, सोनीत ५० म्हणजे तटस्थ. जास्त ठेवलं की चेहऱ्याभोवती पांढरी रेघ उमटते.
– डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लाइट सेन्सर: बंद. सीन बदलला की उजेड खालीवर होतो तो यांच्यामुळे.
– बॅकलाइट आणि ब्राइटनेस या दोन वेगळ्या गोष्टी. बॅकलाइट म्हणजे मागच्या दिव्याचा उजेड. रात्री तो कमी करा. ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी. दिवे मालवून पट्ट्यांचा पिक्चर लावा आणि ब्राइटनेस एकेक खाली आणा. ज्या आकड्यानंतर पट्ट्या आणखी काळ्या होत नाहीत, तिथे थांबा. त्याच्या खाली गेलात तर केस, काळा कोट, रात्रीचं शेत, सगळं एकाच डांबरात बुडतं.
– पिक्चर साइज: १६:९ घ्या आणि 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' चालू. नाहीतर टीव्ही कडा कापून चित्र ताणतो.

पट्ट्यांना हात लावू नका. २.३९ चा पिक्चर १६:९ मध्ये भरायचा तर रुंदीतला चौथा हिस्सा कापावा लागतो. तुमचा कडेचा माणूस त्याच चौथ्या हिश्शात उभा होता.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी साठते, आणि एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक साठवलेला) पिक्चर सुरू झाला की आणखी वेगळी. डिशवर केलेलं नेटवर लागू होत नाही. तिन्ही वाटांना, आणि एचडीआरला चौथ्यांदा, करावं लागेल.

पऱ्हाटी

भाऊ नाही, ताई. 🙂

केलं. घसरण गेली, एकदम गेली. निळेपणाही गेला. पण एचडीआर लिहून येतं तो पिक्चर उलट अंधारा झाला. आणि चौकोन आहेतच, पेन ड्राइव्हवर तर लय.

लांबचा_शॉट

माफ करा ताई.

खोक्यावर 'एचडीआर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बहुतेक स्वस्त टीव्हींत एवढाच की सिग्नल वाचता येतो. पिक्चर साधारण १००० निट्स किंवा जास्तच्या पडद्यावर पाहून रंगवलेला असतो. तीनशेवाला टीव्ही तो सगळा उजेड तीनशेत कोंबतो आणि मधले टोन खाली जातात. तेवढ्यापुरता एचडीआर मोडचा बॅकलाइट पूर्ण ठेवा, 'डायनॅमिक टोन मॅपिंग' असेल तर चालू करा. तरी जमलं नाही तर स्टिकमधून एचडीआर बंद करा. चांगला एसडीआर (एचडीआर नसलेलं साधं चित्र) हा मरतुकड्या एचडीआरपेक्षा कधीही बरा.

चौकोनांचं कारण डेटा. टॉकीजच्या फाइलला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा असते. जेपीईजी २००० पद्धतीनं प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली, रंग १२ बिट. पूर्ण मुभा वापरली तर तासाला ११२ जीबी होतात. नेटवरच्या ४के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसची लाइन मागतं. त्यात पूर्ण फ्रेम अधूनमधून येते, मधल्यांमध्ये फक्त 'काय हललं' एवढंच लिहिलेलं असतं. माणूस बोलतोय तोवर भागतं. पाऊस, धूर, धुळीचा लोट आला की पडद्यावरची प्रत्येक जागा हलते, लिहायला बिट पुरत नाहीत, आणि चौकोन पडतात.

आता पेन ड्राइव्ह. अडीच तासांचा पिक्चर १.४ जीबीत असेल तर सेकंदाला सव्वा मेगाबिट पडतो. टॉकीजच्या मुभेचा दोनशेवा हिस्सा. त्याला जगातली कुठलीही सेटिंग वाचवणार नाही. मोबाईलच्या दुकानात भरून मिळणारा माल चोरीचा असतो, ते पुन्हा वेगळंच.

साध्या डिशवर ७२० × ५७६ ठिपके येतात. तुमच्या पडद्याचे ठिपके त्याच्या बरोबर वीस पट. म्हणजे वीसपैकी एकोणीस टीव्ही मनानं भरतो. त्या इनपुटपुरतं नॉइज रिडक्शन 'लो' वर चालेल, बाकी ठिकाणी बंद. आणि आपल्या प्रसारणात २४ चा पिक्चर २५ नं पळवतात, म्हणून १५० मिनिटांचा पिक्चर १४४ मिनिटांत उरकतो. (जाहिराती धरून साडेतीन तास, ते सोडा.)

नेटचा वेग रात्री ९ वाजता टीव्हीवरच फास्ट डॉट कॉम उघडून मोजा, दुपारचा आकडा कामाचा नाही. प्लॅनही पाहा: नेटफ्लिक्सच्या बेसिकवर ७२०पी मिळतं, स्टँडर्डवर १०८०पी, ४के फक्त प्रीमियमवर. मोबाईलची स्क्रीन मिररिंग करून टीव्हीवर टाकत असाल तर तेही थांबवा. मोबाईल ते चित्र पुन्हा दाबून पाठवतो.

टिनपत्रा

वरचं सगळं बरोबर, पण दिवाणाबद्दल कोणी बोललंच नाही. खरा घोळ तिथे आहे.

४३ इंची पडदा ९५ सेंटिमीटर रुंद. ११ फुटांवरून तो डोळ्यात १६ अंश व्यापतो. टॉकीजमध्ये ४० फुटी पडद्यापासून ५० फुटांवर बसलात तरी ४४ अंश होतात. ३० अंशांच्या खाली गेलं की पिक्चर 'आत' घेत नाही, भिंतीवरची खिडकी वाटते. शिवाय ६/६ नजरेलाही ११ फुटांवरून ४३ इंचात ७२०पी आणि ४के यातला फरक कळत नाही. ४के चे पैसे भिंतीत गेले म्हणा.

दिवाण सहा फुटांवर आणा, २९ अंश होतात. रोज नको, पिक्चरपुरती सतरंजी पुढे टाका, फुकटात ५५ इंचीहून मोठा मिळाला. उलट ५५ इंची आणून ११ फुटांवरच बसलात तर २०-२१ अंश. म्हणजे पैसे घालूनही सतरंजीपेक्षा कमी. टीव्ही फार वर टांगलेला असेल तर खाली घ्या. जमिनीवर बसल्यावर डोळा पडद्याच्या मध्याच्या थोडा खाली असावा, मान वर करून नाही.

टीव्हीसमोर दिवा नको, काचेत उमटतो. मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा ठेवा. डोळे शिणत नाहीत आणि काळा जास्त काळा वाटतो. झिरोचा पिवळा किंवा लाल बल्ब नको, रंग बिघडवतो.

कधी टीव्ही बदललाच तर ठिपके मोजू नका, पॅनेल म्हणजे पडद्याचा प्रकार विचारा; एलईडी टीव्हीत व्हीए आणि आयपीएस असे मुख्य दोन. व्हीए असेल तर काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण साधारण ३००० ला १ किंवा जास्त, आयपीएस असेल तर १००० ला १ च्या आसपास. राखाडी रात्र बहुतेक आयपीएसची देणगी. पण व्हीए कडेनं पाहिलं की फिकट दिसतं; घरात दहा माणसं अर्धगोल करून बसत असतील तर ते धरून चाला.

पऱ्हाटी

सहा फुटांवरून पाहिलं. काल का नाही सुचलं हे. पण नेटचा पिक्चर जवळून जास्त उघडा पडतो, चौकोन मोठे दिसतात.

प्रोजेक्टरचं सांगा ना. समोरची भिंत रिकामी आहे, चुन्याची. ऑनलाइन '९००० लुमेन' वाला स्वस्तात आहे.

कार्बनकांडी

नका घेऊ जी. हिशोब सोपा आहे: १०० इंची पडदा पावणेतीन चौरस मीटर. त्यावर टॉकीजइतके ४८ निट्स आणायला पूर्ण अंधारात खरे ४१५ लुमेन (यंत्रातून निघणारा एकूण उजेड) लागतात. म्हणजे ५०० खरे एएनएसआय (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले) लुमेन असले तरी भागतं; ९००० कशाला लागतात? तो आकडा बल्बचा असतो किंवा नुसता छापलेला. जाहिरातीत 'एएनएसआय' हा शब्द शोधा. आणि 'सपोर्ट १०८०पी' म्हणजे आतली चिप १०८०पी नाही. 'नेटिव्ह' काय आहे ते विचारा.

अंतर: थ्रो रेशो (यंत्राचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल तर २.२ मीटर रुंदीसाठी यंत्र पावणेनऊ फुटांवर, १.५ असेल तर ११ फुटांवर. मध्यावर आणि सरळ ठेवा. तिरपं ठेवून कीस्टोननं सरळ केलं की ठिपके वाया जातात.

तुमच्या भिंतीत एक गोम आहे. चुन्यात नीळ टाकलेली असते. पांढरी दिसते, पण चित्र निळं पडतं. मॅट पांढऱ्या रंगाचा चौकोन काढा, चमकीचा पेंट नको, मध्ये उजेडाचा गोळा दिसतो. बाजूच्या भिंती पांढऱ्या असतील तर पडद्यावरचा उजेड त्यांवर आपटून परत येतो आणि काळा मरतो. दोन्हीकडे गडद घोंगडी, चादरी टांगा. टिनाच्या फटीही बंद करा.

खरी अडचण आपल्या हवेची. बऱ्याच प्रोजेक्टरना ३५ ते ४० अंश तापमानापर्यंतच चालायची मुभा असते. मे महिन्यात टिनाखाली रात्री नऊलाही तेवढं असतं, यंत्र स्वतःच बंद होईल. कूलरचा झोत थेट नको, ओल जाते. कापसाच्या दिवसांत फिल्टर आठवड्यातून एकदा झटका, रुई बसते. दिव्याचा प्रोजेक्टर असेल आणि लाइन गेली तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतच भाजतो; इन्व्हर्टरशिवाय लावू नका.

टीव्हीचंही ऐका. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, कमी दाबाला घाबरत नाहीत. मारतं ते डीपीवर न्यूट्रल तुटल्यावर येणारं ४०० च्या घरातलं व्होल्टेज. ओव्हरव्होल्टेजला कट होणारं यंत्र लावा, आणि मृगाच्या गडगडाटात प्लगसोबत डिशची वायरही काढा. बरेच टीव्ही त्या वायरीतून जातात.

आणि टॉकीजला फार डोक्यावर घेऊ नका. झेनॉन दिवा जुना झाला की उजेड निम्म्यावर येतो, थ्रीडीचा चंदेरी पडदा असेल तर मधोमध पांढरा डाग दिसतो, प्रोजेक्टरच्या खोलीची काच पुसलेली नसते. सगळीकडे डीसीआयचं यंत्र असतंच असंही नाही. मागून एक तृतीयांशावर, मधोमध बसा. चित्र तिथेही अंधुक असेल तर ऑपरेटरला सांगा. दिव्याचा करंट वाढवता येतो.

पऱ्हाटी

प्रोजेक्टर रद्द. सतरंजी आणि मागचा दिवा पक्का. एक राहिलं: काल रात्री टीव्हीनं अपडेट घेतलं आणि सकाळी परत घसरून राहिलं सगळं.

लांबचा_शॉट

अपडेटनं मोड कधीकधी परत 'स्टँडर्ड' वर जातो. आता पुन्हा लावाल तेव्हा प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तिन्ही इनपुटांचा आणि एचडीआरचाही. आणि 'स्टोअर मोड' की 'होम मोड' हेही तपासा. स्टोअर मोड राहिला असेल तर काही टीव्ही केलेली सेटिंग थोड्या वेळानं आपोआप पुसतात.