घरी क्लच प्लेट बदलणं की गॅरेज? अनुभव आणि बारकावे लिहा

गोटीपाना
नागपुरात सदरच्या उड्डाणपुलावर पुढच्या गाडीतून जळक्या क्लचचा वास आला आणि अंगणात प्रीमियर पद्मिनी गाडीचे गिअरबॉक्स उतरायचे ते दिवस आठवले. ड्राइव्ह मागच्या चाकांना, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट सोडला की गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेता यायचा. आताच्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत तेवढं सोपं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. क्लच सेट (प्लेट, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) घरी बसवा की गॅरेजात, किंमत तीच. वाचते फक्त मजुरी. तपासणी आणि केबलची सेटिंग घरी करा, गिअरबॉक्स गॅरेजात उतरवा, आणि तो खाली आला की फ्लायव्हील (इंजिनाची जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) स्वतः पाहा.

तपासणी अशी: आधी पेडलची मोकळी चाल पाहा. केबल ताठ असेल तर नवी प्लेटसुद्धा घसरते. मग सपाट जागी हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. फिरतच राहिलं तर ती घसरते आहे. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलेली प्लेटही जळते.

मानकापूरकर
अल्टो, वॅगन आर घरी होतात, पण माणसं दोन हवीत. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. चाकांच्या हबचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच ढिले करा, वर उचलल्यावर सुटत नाहीत. मग घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, कृपा करून. गिअर ऑइल काढा, ड्राइव्ह शाफ्ट ओढा, स्टार्टर, गिअरच्या केबल, रिव्हर्स स्विचची तार सोडा. इंजिनाच्या चेंबरखाली (खालच्या ऑइलच्या टाकीखाली) लाकडी ठोकळा देऊन जॅकचा आधार, मगच माउंटिंग सोडायचं.

खरी गडबड परत चढवताना होते. गिअरबॉक्स तीसेक किलोचा, हात भरून येतात आणि तो प्लेटमध्ये शिरणाऱ्या इनपुट शाफ्टवर लटकत राहतो. सगळं वजन प्लेटच्या हबवर येऊन प्लेट वाकते. नंतर क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरत पडतो आणि दोष नव्या सेटला लागतो. शेवटचं बोटभर अंतर मिटत नसेल तर बोल्टनी खेचू नका, गिअरबॉक्सच्या हाऊसिंगचा कान (बोल्ट बसतो तो भाग) तुटतो. गिअर टाकून शाफ्ट किंचित फिरवा, दाते जुळले की आपोआप बसतो.

तर्रीवाला
हव ना भाऊ, कान तुटला की वेल्डिंगही नीट टिकत नाही. मे महिन्यात मात्र कोणी हे काम दुपारी काढू नका बाप्पा. 45 डिग्रीत पाना हातात धरवत नाही.

धरमपेठची
आवाजाचं कोणी लिहिलं नाही. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला दाबणारं) गेलं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसऱ्या केसमध्ये क्लच सेट बदलून आवाज जात नाही, पैसे मात्र जातात.

हिंगणा_एमआयडीसी
प्लेट कशी बसते ते लिहितो. स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे. प्लेट बरोबर मध्यभागी बसवायला अलाइनमेंट टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळत न्या. छोट्या मारुतींत साधारण 23 न्यूटन मीटर, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पुसट, जास्त लावलं तर उडून प्लेटवर येतं आणि क्लच सोडून गाडी निघताना थरथरते. जुनी धूळ हवेने उडवू नका, फुफ्फुसांना वाईट. ओल्या फडक्याने पुसा.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर पुढचा निर्णय लेथवाल्याकडे. मागून तेल पाझरत असेल तर क्रँकचं सील तेव्हाच बदला. सील स्वस्त आहे, पण नंतर त्याच्यासाठी पुन्हा पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

संत्रानगरी
ओम्नीवाले घरीच करा, ड्राइव्ह मागचाच आहे. @गोटीपाना, पद्मिनी अजून आहे का? फोटो टाका ना.

गोटीपाना
फोटो शोधतो दादा. @धरमपेठची, ताई, आवाजाचं हे वरच टाकायला हवं, फार कामाचं आहे.

नंदनवन२
डिझेलवाल्यांसाठी. ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) असेल तर घरचं काम नाही आणि लेथवर त्याचा पृष्ठभागही घासून घेऊ नका, त्याची ढिलाई मोजून निर्णय घ्यावा लागतो. हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे क्लच दाबणारा छोटा पंप, गिअरबॉक्सच्या आत असेल तर तोही सेटसोबत बदला. गळला तर ऑइल थेट नव्या प्लेटवर.

धरमपेठची
गॅरेजला देणाऱ्यांनी अंदाजपत्रकात हे वेगवेगळं लिहून घ्यावं: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्टची दोन्ही ऑइल सील, गिअर ऑइल, फ्लायव्हीलचं काम, मजुरी. नुसतं "क्लच काम" लिहिलं असेल तर बेअरिंग जुनंच राहण्याची भीती. जुने पार्ट परत मागा. काढलेल्या प्लेटवर रिव्हेटची डोकी पृष्ठभागाखाली अर्धा मिलिमीटरही उरली नसतील तर ती खरंच संपली होती.

तर्रीवाला
@धरमपेठची ताई, हे गाडीत कागदावर लिहून ठेवतो. आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवून राहिले लोक, हँडब्रेक ओढा ना भाऊ.

संत्रानगरी
गिअर ऑइल किती टाकायचं? जेवढं निघालं तेवढंच?

मानकापूरकर
नाही, आधीच गळून कमी झालेलं असू शकतं. गाडी सपाट ठेवून लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. ग्रेड मॅन्युअलमधला, बहुतेक मारुतींना 75W-90. ओघळ थांबला की प्लग लावा.