अनुभव धागा : घरातले तरुण मूल गप्प होते तेव्हा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी धाकटी मुलगी लातूरहून घरी आली, ती सुटीसाठी नव्हे. मेसचा डबा आठवडाभर न उघडताच परत जातो आहे, असे तिच्या खोलीच्या मालकीणबाईंनी फोन करून कळवले, म्हणून मी तिला घेऊन आलो. नीट परीक्षेसाठी तिचे ते ‘रिपीट’चे वर्ष होते. आम्ही सेलूकडचे. शिकवणीची फी सोयाबीन विकून भरली होती आणि त्या फीचा आकडा मी तिच्यासमोर किती वेळा बोलून दाखवला होता, हे मला फार उशिरा जाणवले.

पहिले पंधरा दिवस मी तिची समजूत घालत होतो, म्हणजे मी बोलत होतो आणि ती भिंतीकडे पाहत होती. तिच्या आईने मात्र काहीही विचारले नाही. रोज दुपारी सुपात तूर घेऊन ती ओसरीवर हिच्याशेजारी निवडत बसे. चौथ्या की पाचव्या दिवशी मुलगी आपणहून म्हणाली, “आई, मला सकाळी उठावेसेच वाटत नाही.” त्यानंतर आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवला असेल, तर त्याला आळस किंवा नाटक समजू नये, आणि गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत, हे त्यांनी आम्हा दोघांना शांतपणे समजावले.

आपण काय केले, कुठे चुकलो, कशाचा उपयोग झाला, हे इतरांनीही लिहावे अशी विनंती आहे. मुलांची ओळख पटेल असे काही कृपया लिहू नये.

बीड जिल्ह्यातील एक थोरली बहीण

माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी कॉलेजला जायचा बंद झाला. शेजारच्या शेतातली माणसे आपल्याबद्दल कुजबुजतात, असे तो म्हणे आणि रात्रभर दाराला कडी लावून बसे. घरात सर्वांचे मत पडले की हे बाहेरचे आहे. देवरुषी झाले, गंडेदोरे झाले, आणि यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांचे दुःख मला आजही आहे, कारण भास आणि संशयाच्या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितका माणूस सावरण्याची शक्यता वाढते, हे मला नंतर कळले.

आजीच्या श्रद्धेला धक्का लावून काही साधले नसते. गावातल्या आशाताईंनी तिला सांगितले, “धागा हातात राहू द्या, गोळी पोटात जाऊ द्या.” एवढ्यावर आजी तयार झाली आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात ती स्वतः आमच्यासोबत आली. ऊसतोडीला गेलेले आईवडील परत येईपर्यंत त्याच्या गोळ्या तिनेच सांभाळल्या.

नांदेड जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयाचे एक शिक्षक

एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘आता सगळ्यांची सुटका होईल’ असे वाक्य होते. मला घाम फुटला. काय बोलावे हे सुचेना म्हणून मी आधी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन करावा असे नाही, काळजी करणाऱ्यालाही तेथे मार्गदर्शन मिळते, ही गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते.

मग मी त्याला बाजूला बसवून सरळ विचारले, “जीव द्यावा असे मनात येते का?” असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही, तो उलट रडला आणि मोकळा झाला. त्याचे वडील येईपर्यंत मी त्याला एकटे सोडले नाही. वडिलांना मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की फवारणीची सर्व औषधे आजच घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवा. प्रकरण पोलिसांत जाईल या भीतीने ते दवाखाना टाळत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, ज्याने तसा प्रयत्न केला असेल तोही तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर उपचारांची जबाबदारी शासनावर येते, एवढे समजावल्यावर ते गाडीत बसले.

जालन्याचा एक तरुण, स्वतःविषयी

मी ‘तो मुलगा’ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकेत एमपीएससीची चार वर्षे काढून गावी परतलो, तेव्हा दर लग्नकार्यात ‘काय, निकाल लागला का?’ हा प्रश्न ठरलेला असे. “तुला काय कमी आहे?” हे वाक्य कृपया कोणी वापरू नये, त्याचे उत्तर मला माहीत नव्हते, आणि त्यामुळे मी अधिकच अपराधी होत गेलो. माझा एक वर्गमित्र रोज संध्याकाळी सहाला मोटारसायकल घेऊन दाराशी उभा राही आणि म्हणे, “चल, दूध घालून येऊ.” डेअरीपर्यंतच्या त्या फेरीत आम्ही अनेकदा एक शब्दही बोलत नसू. दवाखान्यात जाण्याचे मी त्यालाच प्रथम सांगितले.

हिंगोली जिल्ह्यातील एक मावशी

दर महिन्याला बहिणीच्या मुलाला घेऊन शहरात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे. जवळ काही सोय असते का?

धागा सुरू करणारे वडील

मावशी, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो, आणि त्यांचे पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही जाते. तुमच्या तालुक्याचा वार कोणता, हे आशाताईंना किंवा थेट रुग्णालयात विचारा. एका फेरीत महिनाभराच्या गोळ्या मिळतील का, हेही तेथेच विचारा.

माझी मुलगी आता परभणीत बी.एस्सी.ला आहे. फीचा विषय घरात बंद आहे. काल गोळ्यांचे पाकीट संपत आल्याचे तिने स्वतः सांगितले आणि बुधवारी बरोबर याल का, असे विचारले.